परतफेडीचा रकाना

आमच्या शिक्षण-निधीची वही लाल कापडी बांधणीची आहे. सरावलीतील आणि बोईसरच्या आसपासच्या काही कुटुंबांनी मिळून हा निधी उभा केला, तेव्हा पहिल्याच पानावर खजिनदारांनी पट्टी लावून दोन रकाने आखले. एकावर लिहिले 'दिले', दुसऱ्यावर 'परत आले'. निधी लहान आहे. प्रत्येक घराने दरमहा जमेल ते द्यावे, जूनमध्ये अर्ज मागवावेत, गरजू विद्यार्थ्याला बिनव्याजी रक्कम द्यावी आणि तो कामाला लागला की त्याने ती हप्त्याहप्त्याने फेडावी, म्हणजे पुढच्याची सोय होईल, एवढीच त्याची घटना. वर्गणी देणारे बहुतेक जण तारापूरच्या कारखान्यांत किंवा अणुवीज केंद्रात नोकरी केलेले, त्यामुळे हिशेबाची सवय अंगात मुरलेली. त्या दोन रकान्यांत आम्हां कुणालाच काही वावगे दिसले नाही. उलट धर्मादाय म्हणून देण्यापेक्षा परत येईल असे देणे अधिक सन्मानाचे, असे आम्ही एकमेकांना सांगत आलो.

काही वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये निधीत एकालाच पुरेल इतका पैसा होता आणि दोन अर्ज आले. एक अर्ज एका हुशार मुलाचा. त्याला इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला प्रवेश मिळाला होता, गुण उत्तम होते, वडील कारखान्यात कायम कामगार. दुसरा अर्ज एका मुलीचा. आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारे आणि पावसाच्या तोंडाशी परतणारे. मुलगी दहावीत गणित आणि इंग्रजी या दोन विषयांत नापास झाली होती. पुन्हा परीक्षेला बसायचे होते, त्यासाठी शिकवणी लावायची होती आणि पुढे बालवाडीच्या शिक्षिकेचा अभ्यासक्रम करायचा होता. तिची आई आमच्यापुढे उभी राहून म्हणाली, "पोरगी पास होईल का नाय ते मी कसं सांगू, साहेब? पैसे मात्र कामातून फेडू."

आम्ही पैसे मुलाला दिले. चर्चा पाऊण तास चालली आणि त्या पाऊण तासात 'परत' हा शब्द किती वेळा आला हे आज आठवले की अवघडल्यासारखे होते. आमच्यातील एका सद्गृहस्थांनी तर परदेशी जाणाऱ्या धन्याने चाकरांकडे पैसा सोपवला त्या दृष्टान्ताचा आधार दिला. ज्याने पाचाचे दहा केले त्यालाच शाबासकी मिळाली ना, असा त्यांचा प्रश्न. शुभवर्तमानाचा असा वापर सभेत पटकन पटतो. त्या दृष्टान्ताच्या पाठोपाठच भुकेलेल्यांचा आणि परक्यांचा निवाडा येतो, हे त्या वेळी कुणालाच सुचले नाही.

मुलाने शिक्षण पूर्ण केले, नोकरी धरली आणि पै न पै फेडली. वहीत त्याच्या नावापुढचे दोन्ही रकाने भरलेले आहेत, आणि आम्हांला त्याचा खराच अभिमान आहे. मुलगी पुन्हा परीक्षेला बसली नाही. ठेकेदारामार्फत एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला लागली. यंदा ती पुन्हा आमच्याकडे आली, धाकट्या भावाचा अर्ज घेऊन. तो बारावी झाला आहे. अर्जाच्या खाली जामीनदाराच्या जागी तिचीच सही होती. खजिनदारांनी तिच्या पगाराची पावती पाहिली आणि समाधानाने मान हलवली. कर्ज घ्यायला जी मुलगी आम्हांला भरवशाची वाटली नव्हती, ती आता दुसऱ्याच्या कर्जाला जामीन म्हणून चालणार होती. त्या सहीकडे पाहताना जो प्रश्न मनात आला, त्याची उकल करण्यासाठी हा लेख लिहीत आहोत. शिक्षणाला आपण गुंतवणूक म्हणतो. म्हणावे का? आणि म्हटले, तर त्या गुंतवणुकीचा परतावा कोणाकडून आणि कोणासाठी मागावा?

हा प्रश्न आपल्याकडे ज्या माणसाने अर्थशास्त्राच्या भाषेत आणि तरीही त्या भाषेच्या पलीकडे जाऊन मांडला, तो माणूस अर्थशास्त्रज्ञ म्हणून आपल्याला फारसा ठाऊक नाही. घटनेचे शिल्पकार, दलितांचे कैवारी, बौद्ध धम्माचे पुनरुज्जीवक म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव घराघरांत आहे. परंतु त्यांचे विद्यापीठीय शिक्षण प्रामुख्याने अर्थशास्त्राचे होते. न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९१५ साली त्यांनी एम. ए. केले ते प्राचीन भारतातील व्यापारावर प्रबंध लिहून. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या विकासावरील त्यांचा प्रबंध १९२५ साली ग्रंथरूपाने निघाला आणि त्याला त्यांचे गुरू प्रा. सेलिग्मन यांनी प्रस्तावना लिहिली. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डी. एस्सी. त्यांना रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी मिळाली. तो १९२३ साली प्रसिद्ध झाला. मधल्या काळात, १९१८ ते १९२०, ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. चलनावरील हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. सरकारचा पैसा कोठून येतो आणि कोठे जातो, हा त्यांच्या अभ्यासाचा गाभा होता.

या दोन ग्रंथांच्या अर्पणपत्रिका आम्हांला ग्रंथांइतक्याच बोलक्या वाटतात. रुपयावरील ग्रंथ त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीस वाहिला आहे, आणि प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथ महाराज सयाजीराव गायकवाड यांना. दोन्ही ठिकाणी कृतज्ञतेचे कारण एकच सांगितले आहे, ते म्हणजे आपल्या शिक्षणासाठी झालेली मदत. चलन आणि करव्यवस्था यांवरील कोरड्या ग्रंथांच्या पहिल्या पानावर हा माणूस कुणी आपल्याला शिकवले याची नोंद करतो.

सयाजीरावांची ती मदत म्हणजे आमच्या वहीच्या भाषेत सांगायचे तर करारबद्ध गुंतवणूक होती. १९१३ साली बडोदा सरकारने तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊ केली. अट अशी की शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करायची. करारावर सही झाली, तरुण भीमराव अमेरिकेला गेले, तिथून लंडनला गेले आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्यावर अभ्यास अर्धा टाकून १९१७ साली कराराप्रमाणे बडोद्यात हजर झाले. महाराजांचे सैनिकी सचिव म्हणून त्यांची नेमणूक झाली. पुढची हकीकत महाराष्ट्राला माहीत आहे. शहरात त्यांना राहायला जागा कोणी देईना. कचेरीत फायली लांबून फेकल्या जात. पारशी धर्मशाळेत नाव लपवून काढलेले दिवस काठ्या घेऊन आलेल्या जमावाने संपवले. एका बागेत बसून ते रडले आणि मुंबईला परतले.

आता या व्यवहाराची नोंद वहीत कशी करायची? 'दिले' या रकान्यात तीन वर्षांची शिष्यवृत्ती. 'परत आले' या रकान्यात फार तर काही दिवसांची नोकरी. कराराच्या हिशेबाने ही बुडीत रक्कम आहे. एखाद्या काटेकोर दिवाणाने महाराजांना सांगितले असते की अशा जातीच्या मुलावर पैसा लावू नये, त्याचा आपल्याला उपयोग होत नाही असा अनुभव आहे, तर कागदोपत्री ते खरेच ठरले असते! पैसा बुडाला तो घेणाऱ्याच्या हातून नव्हे. घेणारा तर फेडायला दारात येऊन उभा होता. त्याची विद्या कामाला येऊ नये याची व्यवस्था ज्या समाजाने केली होती, त्याने तो बुडवला. आणि नंतर जे देशाला मिळाले ते कुठल्याच रकान्यात बसणारे नाही.

यातून एक गोष्ट आम्हांला दिसते. परतावा येत नाही तेव्हा आपण नेहमी विद्यार्थ्याकडे बोट दाखवतो. मुलगी नापास झाली, मुलगा टिकला नाही, यांना शिक्षणाची गोडीच नाही. तो परतावा वाटेत कुणी अडवला याची चौकशी करण्याची पद्धत नाही.

१९२७ च्या आरंभी बाबासाहेब मुंबई विधिमंडळात नामनियुक्त सभासद म्हणून आले. त्या वर्षी १२ मार्च रोजी शिक्षणावरील अनुदानाच्या चर्चेत त्यांनी भाषण केले. त्यानंतर आठच दिवसांनी, २० मार्चला, महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि साहजिकच इतिहासाचे लक्ष तिकडे गेले. परंतु अंदाजपत्रकावरील ते छोटे भाषण आम्हांला तितकेच मोलाचे वाटते. त्यांनी सभागृहापुढे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले. मुंबई इलाख्यात सरकार शिक्षणावर दरडोई चौदा आणे खर्च करते आणि दारूवरील अबकारी करातून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते. त्यांची मागणी एवढीच होती की लोकांकडून अबकारीत जेवढे घेता निदान तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा. ताडी आणि मोहाची दारू आमच्या या किनारपट्टीत आणि तिच्या मागच्या डोंगरपट्टीत किती खोल रुजलेली होती हे जुन्या माणसांना ठाऊक आहे. तेव्हा ठाणे जिल्ह्यातल्या वारली पाड्यावरूनही ते दोन रुपये जात असणारच. चौदा आण्यांतला एक आणा तरी पाड्यावर परत येत होता का, हे ज्याचे त्याने ताडावे.

हा युक्तिवाद अगदी नवा नव्हता. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात हेच दुखणे सांगितले होते. महसूल रयतेच्या घामातून येतो आणि तो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो. फर्ग्युसन कॉलेजात इतिहास आणि अर्थशास्त्र शिकवलेल्या नामदार गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढल्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. सक्तीचा खर्च झेपणार नाही हे जे कारण नेहमी दिले जाते ते त्याही वेळी होते. आणि त्याच सुमारास बडोद्यासारख्या संस्थानात, १८९३ मध्ये अमरेलीपासून सुरुवात करून १९०६ पर्यंत सगळीकडे, प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झालेही होते. झेपणे न झेपणे हे तिजोरीपेक्षा मनावर अवलंबून असते.

बाबासाहेबांचे वेगळेपण दुसऱ्या मुद्द्यात आहे. ते म्हणाले, प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत पोहोचतात केवळ अठरा. उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात. शाळेत शिरलेले मूल कायमचे साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे, नाहीतर प्राथमिक शाळेचा हेतूच फसतो. हा अस्सल अर्थशास्त्रज्ञाचा विचार आहे. विहीर खणताना पाणी लागायला दोन हात उरले असताना काम थांबवले तर खणलेल्या वीस हातांची किंमत शून्य होते. तिथे काटकसर म्हणून पैसा वाचवणारा माणूस खरे तर सगळा पैसा घालवत असतो. पुढे धनंजयराव गाडगीळ आणि वि. म. दांडेकर यांनी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाच्या पाहण्या केल्या. त्यांचे अहवाल १९५५ साली प्रसिद्ध झाले. शाळा सोडलेल्यांची अक्षरओळख पुढे किती टिकते, हा त्यांच्याही शोधाचा विषय होता.

या कसोटीवर आमचा त्या जूनमधला निर्णय घासून पाहिला तर तो भावनेच्या नव्हे, हिशेबाच्याही दृष्टीने कच्चा ठरतो. त्या मुलीने दहा वर्षे शाळेत घालवली होती. आई वर्षातले सहा-सात महिने भट्टीवर, तरीही आजीजवळ गावात राहून ती दहावीपर्यंत आली होती. पाण्याला दोन हात उरले होते, म्हणजे अक्षरशः दोन विषय. लागणारी रक्कम डिप्लोमाच्या फीच्या मानाने किरकोळ होती. आणि त्या मुलाच्या वडिलांना पतपेढीतून कर्ज मिळू शकले असते. आम्ही स्वतःला मोठे व्यवहारी समजत होतो. व्यवहारही आम्हांला नीट करता आला नाही.

येथे लेख संपवता आला असता. परंतु एवढ्यावर थांबले तर प्रश्नातून सुटका फार स्वस्तात होते. समजा ती मुलगी खरोखरच पास होणारी नसती. समजा तिच्यावर केलेला खर्च कुठल्याही हिशेबाने परत येणारा नसता. मग?

१९६० साली अमेरिकन अर्थशास्त्र संघटनेच्या अध्यक्षीय भाषणात प्रा. थिओडोर शुल्ट्झ यांनी मानवी भांडवलाची कल्पना ठसठशीतपणे मांडली. शिक्षणावरील खर्च हा उपभोग नसून गुंतवणूक आहे आणि यंत्रांइतकीच माणसांची कौशल्ये हेही भांडवल आहे, असे त्यांचे म्हणणे. १९७९ साली त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. त्या भाषणात त्यांनी एक कबुली दिली आहे. माणसाला भांडवल म्हणताना मन कचरते, कारण मनुष्य ही मालमत्ता असण्याची कल्पना गुलामगिरीची आठवण करून देते. ती भीती त्यांनी आपल्या परीने दूर केली. आपल्याकडे मात्र शब्द आला आणि संकोच मागे राहिला. या कल्पनेने गरीब देशांच्या शाळांना पैसा मिळवून दिला हे मान्य केलेच पाहिजे. अर्थमंत्र्यापुढे करुणेची भाषा चालत नाही, परताव्याची चालते. आपल्या कोठारी आयोगाने १९६६ साली दिलेल्या अहवालाचे शीर्षकच शिक्षण आणि राष्ट्रीय विकास यांची सांगड घालणारे होते. कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत, हे त्या आयोगाचे उद्दिष्ट. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तोच सहाचा आकडा पुन्हा लिहिला. मधल्या अर्धशतकात केंद्र आणि राज्ये मिळून आपण तो गाठलेला नाही, हे वेगळे सांगायला नको.

म्हणजे ज्या भाषेने पैसा सुटेल अशी आशा होती तिनेही तो पुरेसा सुटला नाही. आणि त्या भाषेचे मोल मात्र आपण चुकते केले. ते मोल असे, की प्रत्येक मुलाकडे पाहताना 'याच्यातून काय निघेल' हा प्रश्न आधी मनात येऊ लागला.

बाबासाहेबांच्या १९२७ च्या त्या भाषणात याही प्रश्नाचे उत्तर आहे. कॉलेजांच्या आणि हायस्कुलांच्या खर्चाचा मोठा वाटा विद्यार्थ्यांच्या फीमधून वसूल होतो याबद्दल त्यांनी तक्रार केली. शिक्षण हे प्रत्येकाच्या आवाक्यात आणले पाहिजे, शक्य तितके स्वस्त केले पाहिजे, आणि शिक्षण खाते हे इतके घेतले तर इतके द्या अशा देवघेवीच्या तत्त्वावर चालवण्याचे खाते नाही, असे त्यांनी सरकारला सुनावले. ज्याने आयुष्याची उमेदीची वर्षे सरकारी जमाखर्चाच्या अभ्यासात घालवली, तोच सांगतो की या एका खात्यात जमाखर्चाची नेहमीची रीत लावू नका. हे भावनेच्या भरात काढलेले उद्गार नव्हेत. त्यांना आकडे येत नव्हते असे तर कोणीच म्हणणार नाही. आकडे कोणासाठी वापरायचे, ही त्यांची विवेकाची जागा होती. सरकारला जाब विचारताना त्यांनी अबकारीचा हिशेब पैशाला पैसा लावून मांडला. मुलापाशी आल्यावर मात्र त्यांनी वही मिटली.

आम्ही नेमके उलटे करत आलो. सरकारला हिशेब विचारत नाही आणि मुलांना विचारतो.

त्यांची पुढची वाटचाल याच धाग्याने जाते. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा, १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत असताना अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वर्षाला तीन लाख रुपयांच्या शिष्यवृत्त्या. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईचे सिद्धार्थ कॉलेज, १९५० मध्ये औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, कॉलेज, जे पुढे मिलिंद म्हणून नावारूपाला आले. स्वतः लंडनचा अर्धा राहिलेला अभ्यास त्यांनी प्राध्यापकीतून साठवलेल्या पैशावर, शाहू महाराजांच्या मदतीवर आणि नवल भथेना या पारशी मित्राच्या कर्जावर पूर्ण केला होता. ज्या शहराच्या धर्मशाळेतून पारशी जमावाने हाकलले त्या आठवणीशेजारी हे एक नाव ठेवावे असे आम्हांला वाटते.

आमच्या पालघर जिल्ह्यात याच प्रश्नाचे आणखी एक उत्तर फार पूर्वी दिले गेले आहे. तेही अर्थशास्त्राचे पुस्तक न उघडता. बोईसरहून गाडीने उत्तरेला गेले की वाणगाव, डहाणू रोड, घोलवड. तिथून आत कोसबादची टेकडी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबादला नेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरांमागे रानात असतात किंवा धाकट्या भावंडाला सांभाळत घरी असतात. मूल शाळेत गेले तर घराची तेवढी मजुरी हुकते. गरिबाला शिक्षण मोफत दिले तरी ते फुकट पडत नाही, हे साधे सत्य कचेरीत बसून दिसत नाही. या दोघींनी त्यावर काय केले? पाळणाघर आणि बालवाडी शाळेला जोडली, अंगणात अंगणवाडी भरवली आणि गुरे चरतात तिथेच कुरणशाळा नेली. पाटी गुरांमागे गेली! पुढे १९९० च्या दशकात वसईच्या बाजूने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा सुरू झाल्या, त्यांच्यामागचा विचारही हाच. या मुलांतून काय निघेल, हे आधी विचारून मग कुरणशाळा काढली असती तर ती कधीच निघाली नसती.

बाबासाहेबांनी १९१८ च्या एका निबंधात शेतीवरील फाजील मनुष्यबळाला उद्योगधंद्यांकडे वळवणे हाच लहान तुकड्यांच्या शेतीवरचा खरा उपाय आहे, असे प्रतिपादन केले होते. आमच्या सरावलीच्या भोवती तो उपाय आला. १९६९ साली अणुवीज केंद्र सुरू झाले, औद्योगिक वसाहत वाढली, चिमण्या उभ्या राहिल्या. पण कारखान्याच्या फाटकातून आत जाताना माणसांची वाटणी होते. ज्याच्या हातात प्रमाणपत्र त्याला एक रांग, नसेल त्याला ठेकेदाराची दुसरी. ज्यांच्या वाडवडिलांनी इथली जमीन कसली त्यांच्यातले कितीतरी जण दुसऱ्या रांगेत आहेत. दोन विषय आणि एक प्रमाणपत्र, एवढ्याने रांग बदलते, हे आमच्यासारख्या आयुष्यभर पहिल्या रांगेत राहिलेल्यांना जाणवायला फार वेळ लागला.

यावर आमचे खजिनदार काय म्हणतात तेही नमूद करायला हवे, कारण ते कठोर गृहस्थ नाहीत. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःच्या खिशातून किती वेळा तूट भरून काढली हे वहीत नाही, आम्हांला ठाऊक आहे. ते म्हणतात, "तुम्ही म्हणता ते सरकारला लागू आहे. सरकारकडे कर आहे, अबकारी आहे. आपल्याकडे चाळीस घरांची वर्गणी आहे. एकाचे पैसे परत आले नाहीत तर पुढच्या जूनमध्ये कुणाला तरी नाही म्हणावे लागेल. त्याच्या आईला तुम्ही तोंड द्याल का?" या प्रश्नाला आमच्यापाशी पुरते उत्तर नाही. लहान निधीची नीती आणि राज्याची नीती एक नसते. फेडीची अट काढून टाकली तर निधी दोन वर्षांत आटेल, हेही खरे. आम्ही त्यांना एवढेच म्हणालो की फेड मागावी, परंतु निवडताना फेडीचा अंदाज बांधू नये. पैसा अपुरा असेल तेव्हा ज्याला दुसरे दार नाही त्याला आधी द्यावे. ते म्हणाले, "बोलायला सोपे आहे. जूनमध्ये बघू."

जूनची सभा झाली. भावाचा अर्ज मंजूर झाला. बहीण जामीनदार म्हणून सही करायला आली तेव्हा आमच्यापैकी एकीने तिला विचारले की तू स्वतः आता त्या दोन विषयांना बसशील का. ती हसली. "आता कुठं? पाळी असते," म्हणाली. थोड्या वेळाने जिन्यापर्यंत जाऊन परत आली आणि परीक्षेची फी किती असते ते विचारून गेली.

ती रक्कम आम्ही सभेपुढे ठेवली. कर्ज म्हणून तिने मागितलेली नाही, अर्जही केलेला नाही, तिच्यासाठी जामीनदारही कोणी नाही. खजिनदारांनी लाल वही उघडली, तारीख घातली, तिचे नाव लिहिले आणि लेखणी तशीच धरून विचारले, "हे कोणत्या रकान्यात मांडू?" त्या नावापुढची जागा अजून कोरी आहे.